बंद पाकिटातली यादी

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग लागला होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपानिमित्त हा खेळ ठेवला होता. जॅक्सन नाट्यगृहात आले आणि अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, ती त्यांनी छापून प्रसिद्ध केलेल्या कवितांवरून; हा हल्ला त्याचाच सूड होता. कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

नाशिकच्या क्रांतिकारकांचा इतिहास आपण इथपर्यंत सांगतो आणि थांबतो. पण त्या रात्रीनंतरच्या काही आठवड्यांत सरकारने काय केले, तेही त्याच इतिहासात येते. जानेवारी १९१० मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' या राजकीय रूपक मानल्या गेलेल्या नाटकावर बंदी आली. फेब्रुवारीत नवा वृत्तपत्र कायदा आला आणि छापखान्यांकडून जामीनरक्कम मागण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला. नाटकांसाठी हत्यार आधीपासूनच तयार होते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने तीन कारणांवरून प्रयोग बंद करता येत असे. नाटक बदनामीकारक असेल, सरकारविषयी अप्रीती पसरवणारे असेल किंवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारे असेल. राजद्रोह आणि नीतिभ्रष्टता एकाच कलमात शेजारीशेजारी बसवलेल्या होत्या. हे शेजार पुढे शंभर वर्षे सुटले नाही. लोकांच्या नीतीची काळजी म्हणून मिळवलेला अधिकार लोकांच्या मतांवरही चालतो, हा धडा महाराष्ट्राला तेव्हाच मिळाला होता.

आज ज्याला आपण इंटरनेटवरची बंदी, साइट ब्लॉक करणे म्हणतो, त्या वादाची सुरुवात बहुतेक जण २०१५ मध्ये धरतात. ती फार आधीची आहे, आणि तिचे बरेचसे महत्त्वाचे टप्पे महाराष्ट्रात घडले आहेत.

पडद्यावरचे प्रमाणपत्र

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या मे महिन्यात मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपला सारा बाडबिस्तारा नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर', 'लंकादहन', 'कालिया मर्दन' हे चित्रपट नाशिकमुक्कामी तयार झाले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली आणि त्याच साली देशात पहिला सिनेमॅटोग्राफ कायदा झाला. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून या शहरांत तपासणी मंडळे बसली. नाशिकच्या कारखान्यात तयार झालेली फिल्म आता आधी मंडळापुढे जाणार आणि मग प्रेक्षकांपुढे.

१९२७ मध्ये सरकारने टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समिती नेमली. अमेरिकेहून येणाऱ्या चित्रपटांमुळे हिंदी प्रेक्षकांच्या मनावर, विशेषतः गोऱ्या स्त्रियांविषयीच्या त्यांच्या कल्पनांवर, वाईट परिणाम होतो अशी तक्रार राज्यकर्त्यांच्या वर्तुळात होती. समितीने साडेतीनशेच्या वर साक्षी नोंदवल्या आणि हजारो प्रश्नावल्या वाटल्या. फाळक्यांनीही या समितीकडे आपले म्हणणे मांडले. तपासणी हवी, असाच निष्कर्ष समितीने काढला, पण तिने साक्षी घेतल्या, त्या छापल्या आणि सगळा कागद लोकांपुढे ठेवला. परक्या सरकारने केलेले हे काम होते, तरी त्यातला उघडेपणा आज डोळ्यांत भरतो.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये 'फक्त प्रौढांसाठी' हे प्रमाणपत्र आले. त्यामागचा विचार साधा आणि समजूतदार होता. मुलांना दारावर अडवा, मोठ्यांना आत जाऊ द्या. आत काय दाखवले जाते ते ठरवणाऱ्या मंडळाचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख पडद्यावर सर्वांना दिसत असे. निर्मात्याला काटछाट मान्य नसेल तर तो दाद मागू शकत होता. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये असलेल्या लघुपटासाठी थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९७० मध्ये न्यायालयाने पूर्वतपासणी वैध ठरवली, म्हणजे अब्बास मूळ मुद्द्यावर हरले. पण तो वाद भर न्यायालयात झाला आणि निकाल आजही कोणालाही वाचता येतो.

कर्वे आणि काकोडकर

छापील शब्दाच्या बाबतीत महाराष्ट्राने याहून मोठी लढाई पाहिली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या विचारांपायी विल्सन कॉलेजातली नोकरी गमावली आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचक या मासिकाला पत्रे पाठवून शरीराविषयी, संबंधांविषयी, स्वतःच्या शंकांविषयी विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे देत. घरात जे विचारता येत नव्हते आणि डॉक्टरकडे ज्याचा उच्चार होत नव्हता, ते मराठीत या पानांवर लिहिले जात होते.

१९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून त्यांच्यावर पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला, तोही वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. बाबासाहेबांचा मुद्दा असा होता की लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील होत नाही. लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानाने जाईल, आणि प्रश्न वाचकांनी विचारले असतील तर त्यांची उत्तरे द्यायला नकोत काय? खटल्यात हार झाली आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी मासिक मात्र बंद केले नाही. ते १९५३ मध्ये गेले, तोपर्यंत अंक निघत राहिले.

दुसरे नाव चंद्रकांत काकोडकरांचे. १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडले, पण उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा काळ काकोडकरांना अनुकूल नव्हता. १९६४ मध्येच याच न्यायालयाने मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दलची शिक्षा कायम ठेवली होती. असे असतानाही १९६९ मध्ये काकोडकर सुटले. न्यायमूर्तींनी दिवाळी अंकातली एक मराठी कथा बारकाईने तपासली, आक्षेप घेतलेले परिच्छेद एकेक करून पाहिले आणि कारणे देऊन सांगितले की कथा वाङ्मय म्हणून उच्च दर्जाची नसेल, पण ती अश्लील नाही. किशोरवयीन वाचकांचा मुद्दा त्या खटल्यातही होता. नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून पुस्तक मुलांसाठी अयोग्य ठरवायचे तर त्यांच्या वाट्याला निव्वळ धार्मिक पुस्तकेच उरतील, अशा अर्थाचे उत्तर न्यायालयाने दिले.

या दोन्ही खटल्यांत एक गोष्ट सारखी आहे. कर्वे हरले, काकोडकर जिंकले. पण दोघांनाही आपल्यावरचा आरोप काय आहे ते ठाऊक होते. आक्षेपार्ह पान कोणते, तक्रार कोणाची, निकाल कोणाचा, सगळे उघड होते. दोघांच्याही बाजूने कोणीतरी उभे राहून बोलले. एका कथेसाठी न्यायालयांनी सात वर्षे घेतली, हे खरे. पण प्रत्येक पायरीवर कारण द्यावे लागले.

सायबर कॅफेतली केबिन

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नाशिकसारख्या शहरांत ते पोहोचले ते मुख्यतः सायबर कॅफेच्या वाटेने. कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको, पंचवटी असे करत कॅफे वाढले. तासावर पैसे, प्लायवूडची केबिन, तिला कधी पडदा तर कधी अर्धे दार. तिथे मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी निकाल पाहायचे, नोकरीचे अर्ज भरले जायचे, दुबईत किंवा अमेरिकेत असलेल्या मुलांशी आईवडील चॅट करायचे. आणि त्याच केबिनमध्ये शाळकरी मुलेही तासन्‌तास बसायची. ती काय पाहतात याची चिंता पालकांना लागली, आणि ती चिंता खोटी नव्हती. हार्डकोर पॉर्न बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे येणे ही काही किरकोळ बाब नाही. बंदीला विरोध करणाऱ्यांनी हे आधी मान्य केले पाहिजे.

२००१ मध्ये दोन नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहून याच गोष्टीकडे लक्ष वेधले. न्यायालयाने ते पत्र जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि अल्पवयीन मुलांना इंटरनेटवरच्या अश्लील मजकुरापासून कसे वाचवावे, यासाठी समिती नेमली. जानेवारी २००२ मध्ये समितीचा अहवाल आला. माझ्या मते या विषयावरचा तो महाराष्ट्रातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे, आणि तो जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

सरसकट साइट ब्लॉक करणे हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या टिकणारा नाही आणि कायद्याच्या कसोटीवरही उतरणारा नाही, असे मत या समितीने तेव्हाच दिले. तिने भर दिला तो कॅफेच्या रचनेवर. मुलांनी वापरायची यंत्रे उघड्या जागेत, सर्वांच्या नजरेत ठेवा. कॅफेत येणाऱ्याचे ओळखपत्र पाहा. कोणते यंत्र कधी वापरले गेले याच्या नोंदी ठेवा. पालकांना घरच्या यंत्रावर लावता येतील अशी फिल्टर उपलब्ध करा, जनजागृती करा. ओळखपत्राच्या सक्तीवर तेव्हाही टीका झाली. कोणी काय वाचले याची नोंद पोलिसांच्या हाती लागेल, ही भीती रास्तच होती. तरीही समितीच्या विचाराचा कणा योग्य होता. मूल आणि प्रौढ यांत तिने फरक केला, आणि फिल्टरची किल्ली सरकारऐवजी पालकाच्या हाती दिली.

पुढे ११ एप्रिल २०११ रोजी केंद्राने सायबर कॅफेसाठी नियम काढले, त्यांत या अहवालाशी जुळणाऱ्या अनेक गोष्टी दिसतात. केबिनची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. केबिनबाहेरच्या यंत्रांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून हवेत. पालक सोबत नसतील तर अल्पवयीन मुलाला केबिनमध्ये बसवायचे नाही. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, फोन नंबर, ओळखपत्राचा तपशील, यंत्राचा क्रमांक, आत-बाहेरची वेळ लिहायची आणि ते किमान वर्षभर जपायचे. अश्लील साइट पाहण्यास मनाई असल्याची पाटी लावायची. गल्लीबोळातल्या कॅफेचा मालक आधारच्या झेरॉक्सची फाइल सांभाळत बसला तो या नियमांमुळे.

पण नियम आले तेव्हा कॅफेच ओसरू लागले होते. पाचएक वर्षांत स्वस्त स्मार्टफोन आला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर डेटा जवळजवळ फुकट झाला. साडेचार फुटांची भिंत ज्यासाठी मोजली होती, ती खोलीच उरली नाही. नाशिकमधल्या आठवीच्या मुलाचे इंटरनेट आता त्याच्या दप्तरात आले.

याच काळात महाराष्ट्राने आणखी एक दार बंद केले, आणि ते चुकीचे दार होते. २००७ मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांत यायचा होता. विधिमंडळात त्याविरुद्ध गदारोळ झाला आणि राज्य सरकारने लैंगिक शिक्षण रोखून धरले. ज्या राज्यात कर्व्यांनी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' चालवले, त्या राज्याने शाळेतल्या शिक्षकाला त्याच विषयावर गप्प बसवले. मुलाचे प्रश्न काही थांबले नाहीत. उत्तर देणारा माणूस तेवढा हटवला गेला, आणि ती रिकामी जागा मोबाइलने भरली.

८५७ पत्ते

आता कायद्याकडे वळू. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६७ होते, अश्लील मजकूर प्रसिद्ध करण्याविरुद्धचे. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, कायदा बराच वाढला. ६७ बी या कलमाने मुलांचे लैंगिक शोषण दाखवणारी सामग्री तयार करणे, पसरवणे, पाहणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. हे आवश्यकच होते. आणि कलम ६९ ए ने केंद्राला संकेतस्थळे बंद करण्याचा अधिकार मिळाला. या कलमातली कारणे मोजकी आहेत. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि त्यांच्याशी निगडित गुन्ह्यांना चिथावणी. सभ्यता आणि नीती हे शब्द त्या यादीत नाहीत. पुढे जे घडले ते समजून घ्यायला हा बारकावा लक्षात ठेवायला हवा.

नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. त्यातून आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा करणाऱ्या याच कायद्यातल्या कलम ६६ ए विरुद्धची लढाई सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' खटल्यात ते कलम रद्द झाले. न्यायालयाने ६९ ए मात्र कायम ठेवले. कारण तिथे निदान कार्यपद्धती आहे, लेखी कारणे द्यावी लागतात, समितीपुढे बाजू मांडण्याची सोय आहे, असे न्यायालयाला वाटले.

दरम्यान २०१३ मध्ये इंदूरचे वकील कमलेश वासवानी यांनी पॉर्न पूर्ण बंद करावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचाराने देश हादरलेला होता आणि त्या संतापाची ही एक वाट होती. ८ जुलै २०१५ रोजी सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी सुनावणीत प्रश्न केला की, मी प्रौढ आहे, माझ्या घराच्या चार भिंतींत मी काय पाहावे हे मला कोण सांगणार, असे म्हणत कोणी उद्या न्यायालयात आला तर काय? त्यांनी अंतरिम बंदी घातली नाही.

तीन आठवड्यांनी सरकारने ती घातली. ३१ जुलै २०१५, शुक्रवार, गुरुपौर्णिमेचा दिवस. नाशिकमध्ये सिंहस्थाचे ध्वजारोहण होऊन पंधरवडा उलटला होता आणि सारे शहर ऑगस्टअखेरच्या पहिल्या शाही स्नानाच्या तयारीत गुंतले होते. त्या दिवशी दिल्लीतून दूरसंचार विभागाचे पत्र इंटरनेट कंपन्यांना गेले. सोबत ८५७ पत्ते. कलम लावले होते ७९ (३) (ब), आणि कारण दिले होते संविधानाच्या अनुच्छेद १९ (२) मधल्या नीती व सभ्यतेचे. ६९ ए मध्ये नीती बसत नाही, म्हणून मध्यस्थ कंपन्यांच्या जबाबदारीचे कलम पुढे केले. त्यामुळे समिती, नोटीस, सुनावणी ही ६९ ए ची सगळी व्यवस्था बाजूला राहिली. चार महिन्यांपूर्वी न्यायालयाने ज्या संरक्षणांवर विसंबून बंदीचा अधिकार टिकवला होता, तीच संरक्षणे वळसा घालून टाळली गेली.

यादी कोणी केली? ती याचिकाकर्त्याने दिलेली होती. तपासून, पाहून, कारण नोंदवून केलेली निवड तिच्यात नव्हती. 'कॉलेजह्युमर'सारखी विनोदाची साइटही तिच्यात सापडली. शनिवार-रविवारी देशभर पडदे कोरे दिसू लागले, आणि यादी लोकांना कळली ती सरकारने सांगितली म्हणून नव्हे. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने ती उजेडात आणली म्हणून.

गदारोळ झाला. ४ ऑगस्टला सरकारने पाऊल मागे घेतले. नवे पत्र निघाले की, यादीतल्या ज्या साइटवर मुलांचे अश्लील चित्रण नाही ती बंद करण्याचे बंधन नाही. मग कोणत्या साइटवर ते आहे हे तपासायचे कोणी? सरकारने तो भार इंटरनेट कंपन्यांवर टाकला, आणि कंपन्यांनी हात वर केले. तपासायचे म्हणजे पाहायचे, आणि मुलांच्या शोषणाची चित्रे पाहणे हाच गुन्हा. १० ऑगस्टला महान्यायवादी मुकुल रोहतगी यांनी न्यायालयात सांगितले की, सरकार प्रत्येकाच्या शयनगृहात हजर राहू शकत नाही. दहा दिवसांत सरकारची भूमिका पूर्ण फिरली.

ती पुन्हा फिरली २०१८ मध्ये. देहरादूनजवळच्या एका निवासी शाळेतल्या मुलीवर अत्याचार झाला, आरोपींनी आधी पॉर्न पाहिले होते असे पुढे आले आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१५ चा आदेश अमलात आणायला सांगितले. आता केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ती जुनी यादी तपासली, तेव्हा ८५७ पैकी ३० साइटवर पॉर्न नव्हतेच असे आढळले. उरलेल्या ८२७ बंद करण्याचा आदेश ऑक्टोबरमध्ये निघाला. या तीस साइटचा विचार मला अस्वस्थ करतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच. ज्यांच्यावर आरोप बसतच नव्हता, त्यांना तीन वर्षे सरकारी कागदावर अश्लील ठरवले गेले. 'श्यामा'च्या लेखकाला जशी आपली बाजू मांडता आली, तशी यांतल्या एकालाही मांडता आली नाही.

आणि खऱ्या अर्थाने ज्यांच्यावर बंदी हवी होती त्यांचे काय झाले? मोठ्या साइटनी काही दिवसांत पत्ता बदलून नवे दार उघडले. व्हीपीएन हा शब्द कॉलेजच्या मुलांच्या रोजच्या बोलण्यात आला. २००२ च्या मुंबईच्या समितीने जे आधीच बजावले होते, ते तंतोतंत खरे ठरले.

जगाचा अनुभव, मुलांचा प्रश्न

हा पेच एकट्या भारताचा नाही. अमेरिकेने १९९६ मध्ये इंटरनेटवरच्या अशिष्ट मजकुराविरुद्ध कायदा केला आणि पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुख्य कलमे रद्द केली. ऑस्ट्रेलियाने २००७ च्या सुमारास सक्तीच्या फिल्टरची घोषणा केली आणि २०१२ मध्ये ती सोडून दिली. ब्रिटनने २०१७ मध्ये वयतपासणीचा कायदा केला, २०१९ मध्ये तो गुंडाळला आणि नव्या कायद्याखाली २५ जुलै २०२५ पासून वयतपासणी सुरू केली. तिथेही लोक विचारत आहेत की, ओळखपत्र मागणाऱ्या कंपनीच्या हातात आपली कोणती माहिती जाते? फरक एवढाच की तिथला कायदा संसदेत कलमागणिक चर्चेला आला. आपल्याकडे तेच काम एका पत्राने झाले.

मुलांच्या शोषणाविरुद्ध काय चालते, याचाही अनुभव आता आपल्याकडे आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राशी करार केला. कोणत्या मोबाइलवरून, कोणत्या खात्यावरून अशी सामग्री चढवली गेली याच्या सूचना तिथून येऊ लागल्या आणि त्या राज्यांकडे, तिथून जिल्ह्यांकडे पाठवल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्र सायबर विभागाने 'ऑपरेशन ब्लॅकफेस' ही मोहीम याच सूचनांच्या आधारे चालवली. गुन्हे दाखल झाले, माणसे पकडली गेली. हे काम कंटाळवाणे असते; त्याला प्रशिक्षित पोलीस, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि पीडित मुलाची नीट काळजी घेणारी व्यवस्था लागते. पण ते गुन्हेगारापर्यंत पोहोचते. ब्लॉक केलेला पत्ता कोणत्याही गुन्हेगाराला पकडत नाही.

२३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या शोषणाची सामग्री जवळ बाळगणे आणि पाहणे यावरचा कायदा अधिक कडक अर्थाने लावला. त्याच निकालात न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी न्यायालयापुढे मांडलेला विचार नव्वद वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शब्दांत आला. महाराष्ट्राच्या शाळांनी तो अमलात आणायला आणखी किती पिढ्या घ्यायच्या?

मागणी कशाची करायची

बंदीचा सिलसिला थांबलेला नाही. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने १८ ओटीटी मंच बंद केले, जुलै २०२५ मध्ये आणखी २५ ॲप आणि साइट. त्यांतल्या काहींचा दर्जा इतका हीन होता की कोणी हळहळलेही नाही. पण बंदीची पद्धत मंचाच्या दर्जावरून चांगली किंवा वाईट ठरत नाही. २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला सोळावा नियम सांगतो की, तक्रारी, विनंत्या आणि त्यांवरची कारवाई गुप्त ठेवायची. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध झाले पाहिजेत असे बजावले. साइट ब्लॉक करण्याच्या बाबतीत मात्र हा सोळावा नियम अजून ढालीसारखा पुढे केला जातो.

या गुप्ततेचा धोका पॉर्नपुरता नाही. १८७६ चा कायदा करणाऱ्यांनी नीती आणि राजद्रोह एका कलमात घातले, आणि त्या कायद्याखाली बळी गेला तो 'कीचकवध'चा. आज अश्लील म्हणून केलेली यादी कोणी पाहत नाही, कारण ती मागायची लाज वाटते. उद्या त्याच गुप्त मार्गाने एखादा पत्रकार, एखादे व्यंगचित्र, एखादी चळवळ बंद झाली तर यादी मागायची सवयच राहिलेली नसेल. लाजेच्या आड उभा राहिलेला अधिकार सर्वांत निर्धास्त असतो.

म्हणून मुलांच्या काळजीने बोलणाऱ्या प्रत्येकाने, पालकाने, शिक्षकाने, आमदाराने तीन गोष्टी एकत्र मागायला हव्यात. शाळेत सातवी-आठवीपासून शरीर, संमती आणि इंटरनेट यांविषयी प्रशिक्षित शिक्षकाकडून बोलले जावे. मुलांचे शोषण करणाऱ्यांना शोधणाऱ्या सायबर पोलिसांना माणसे, यंत्रे आणि वेळ मिळावा. आणि सरकार जे काही बंद करेल त्याचे नाव, कारण आणि कलम जाहीर व्हावे, बंद झालेल्याला दाद मागता यावी. पहिल्या दोन गोष्टींनी मूल सुरक्षित होईल. तिसरीने नागरिक सुरक्षित होईल, आणि तेच मूल काही वर्षांनी नागरिक होणार आहे. फाळक्यांच्या चित्रपटाला मिळालेले प्रमाणपत्र, कर्व्यांवरचे आरोपपत्र, काकोडकरांच्या कथेवरचा निकाल हे सगळे कागद आपल्याला पाहता आले, म्हणून त्यांच्याशी वाद घालता आला. बंदीचा आदेश वाचण्याचा तोच हक्क आजच्या नागरिकाला मिळालाच पाहिजे.